पोत्यावर शैवाल, आत चुना

‘कॅल्सिफाइड सीवीड’, ‘सागरी कॅल्शियम’, ‘लिथोथॅम्नियन पावडर’. नाव कुठलंही असो, पोतं उघडलं की आत तीच पांढुरकी, किंचित करडी, हाताला खडबडीत लागणारी भुकटी निघते. पोत्यावर मात्र हिरव्यागार पानांचं चित्र असतं आणि ‘समुद्री शैवालाची ताकद’ वगैरे मजकूर असतो. विकत घेणाऱ्याला वाटतं, शैवाल म्हणजे संजीवकं, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सगळं एकदम. आत असतो चुना. चांगला असतो, सच्छिद्र असतो, थोडं मॅग्नेशियम घेऊन आलेला असतो, पण चुनाच. हे एकदा मान्य केलं की तो कधी घ्यायचा, किती टाकायचा आणि त्याचे किती पैसे मोजायचे हे प्रश्न सोपे होतात.

आधी ही वनस्पती नेमकी काय आहे ते बघू. समुद्रातल्या लाल शैवालांमध्ये कोरलाइन शैवालांचा एक मोठा गट आहे. यांच्या पेशींच्या भिंतींमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक साठतात आणि सगळं शरीर दगडासारखं होतं. काही जाती खडकावर गुलाबी रंग फासल्यासारख्या पसरतात. काही सांध्यासांध्यांनी वाढतात. कोरालिना, जानिया, अँफिरोआ या त्यातल्या. यांचे सांधे मऊ आणि मधले तुकडे टणक असतात, म्हणून त्या लाटेबरोबर वाकतात. तिसरा प्रकार आपल्या कामाचा: कशालाही न चिकटता तळावर सुट्ट्या पडून राहणाऱ्या, फांद्या फुटलेल्या गाठी. त्यांना ऱ्होडोलिथ म्हणतात. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर अशा सुट्ट्या फांद्यांच्या थरांना ब्रेटन भाषेतला शब्द आहे, मेर्ल. मार्ल नावाची चिकणमातीमिश्रित चुनखडी असते, तिच्याशी याची गल्लत करू नये. ती जमिनीवरची, हा समुद्रतळाचा.

ताजा जिवंत तुकडा हातात घेतला तर गुलाबी-जांभळा दिसतो, लांबी दोन-तीन सेंटिमीटर, जाडी काडेपेटीतल्या काडीएवढी, टोकं बोथट. दोन बोटांत धरून मोडला की खडूसारखा कट्‌ आवाज येतो. तुटलेल्या तोंडावर बाहेरून गुलाबी रंगाची पातळ कड आणि आत पांढरा गाभा. त्या गाभ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की लगेच फसफसतं. व्हिनेगरनंही फसफसतं, जरा सावकाश. दोन दिवस उन्हात ठेवला की गुलाबी रंग उडतो आणि हातात पांढरी काडी उरते. बाजारात येणारा जवळजवळ सगळा माल म्हणजे अशा मेलेल्या काड्यांचे तुकडे. भिंग लावलं तर तुटलेल्या तोंडावर रांगेत लागलेल्या पेशींची जाळी दिसते. एकेक पोकळी काही मायक्रॉनची. साधी चुनखडी आणि हा माल यांच्यात खरा फरक कुठे असेल तर तो या जाळीत आहे.

दगडासारखी असल्यामुळे ही वनस्पती आहे हे कळायलाच फार वेळ गेला. सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या काळात हिला प्राण्यांत धरत. १७६६ मध्ये पीटर सायमन पल्लासनं मेर्लच्या एका मुख्य जातीला मिलेपोरा कॅल्केरिया असं नाव दिलं, म्हणजे प्रवाळाच्या पंगतीत बसवलं. १८३७ मध्ये रुडॉल्फ फिलिपीनं या वनस्पती असल्याचं दाखवलं आणि लिथोथॅम्नियन हे वंशाचं नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘दगडी झुडूप’. पल्लासच्या त्या जातीचं आजचं नाव फायमॅटोलिथॉन कॅल्केरियम आहे. पोत्यांवर मात्र अजून ‘लिथोथॅम्नियम कॅल्केरियम’ हेच जुनं नाव छापलेलं असतं. दोन्ही एकच. दुसरी महत्त्वाची जात लिथोथॅम्नियन कोरालिऑइडिस. थंड पाण्यात, म्हणजे स्कॉटलंड, नॉर्वे, आइसलंडकडे लिथोथॅम्नियन ग्लेशिएल भेटते.

आता घटक. धुतलेल्या, वाळवलेल्या मालात कॅल्शियम साधारण ३० ते ३४ टक्के आणि मॅग्नेशियम २ ते ३ टक्के असतं. हिशेबासाठी ३२ आणि २.३ धरू. कॅल्शियमला २.५ नं गुणलं की कॅल्शियम कार्बोनेट मिळतं, म्हणजे ८० टक्के. मॅग्नेशियमला ३.४७ नं गुणलं की मॅग्नेशियम कार्बोनेट, म्हणजे ८ टक्के. उरलेल्या १२ टक्क्यांत वाळू, सेंद्रिय पदार्थ, थोडं बांधलेलं पाणी, राहिलेलं मीठ आणि लोह, मँगेनीज, आयोडीन वगैरेंचे अंश. ‘७० हून अधिक खनिजं’ असं जे छापतात ते खोटं नाही. समुद्राच्या पाण्यातली कुठलीही गोष्ट बारकाईनं तपासली तर तेवढी सापडतात. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती पिकाच्या दृष्टीनं नगण्य असते. नत्र, स्फुरद, पालाश तर जवळपास नाहीतच. अल्जिनेट (शैवालातला चिकट पदार्थ) आणि वाढीची संजीवकं, ज्यांच्यासाठी शैवाल-अर्क विकतात, ती देणारी शैवालं तपकिरी, म्हणजे केल्प आणि ॲस्कोफिलम. त्यांचा या दगडी झुडपाशी संबंध एवढाच, की दोन्ही समुद्रात वाढतात.

इथलं मॅग्नेशियम वेगळ्या खड्यात नसतं, कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या नेहमीच्या स्फटिकातच कॅल्शियमच्या जागी बसलेलं असतं. याला मॅग्नेशियन कॅल्साइट म्हणतात. पाणी जितकं कोमट तितकं मॅग्नेशियम जास्त, म्हणून उष्ण समुद्रातला आणि आइसलंडचा माल सारखा नसतो. साध्या कॅल्साइटपेक्षा हा प्रकार लवकर विरघळतो. हिरव्या शैवालांतल्या हॅलिमेडाचा चुना पुन्हा वेगळा, तो ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच दुसरा स्फटिक-प्रकार. शिंपल्यांतही बऱ्याचदा ॲरागोनाइट असतं. भेसळ ओळखायची असेल तर एक जुनी, स्वस्त चाचणी आहे: भुकटी कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणात दहा-वीस मिनिटं उकळायची. ॲरागोनाइटचे कण जांभळे होतात, कॅल्साइटचे पांढरेच राहतात. अर्धीअधिक भुकटी जांभळी झाली तर पोत्यात शैवालापेक्षा शिंपल्यांचा चुरा जास्त आहे असं समजावं. चुना म्हणून तोही वाईट नाही, पण मग शैवालाचा भाव कशाला द्यायचा?

हा माल येतो कुठून? जिवंत थर तळावर वरच्या काही सेंटिमीटरपुरताच असतो, कारण खाली उजेड पोचत नाही. त्याच्या खाली शेकडो, कधी हजारो वर्षांत मेलेल्या काड्या साचलेल्या असतात. उत्तर अटलांटिकमध्ये हे थर बहुधा ३० मीटरच्या आत सापडतात. पाणी नितळ असेल तर कोरलाइन शैवालं फार खोल जातात; बहामाजवळ २६८ मीटरवर त्यांचे पापुद्रे सापडले आहेत. फ्रान्समध्ये ब्रिटनीचा किनारा, ग्लेनाँ बेटं, ब्रेस्टचा उपसागर. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधली फाल खाडी. आयर्लंडमध्ये बँट्री उपसागर. आइसलंडच्या वायव्येचा आर्नारफ्योर्दुर, ही नावं या धंद्यात वारंवार येतात. ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी आब्रोल्योस पट्ट्यात सुमारे २०,९०० चौरस किलोमीटरचं ऱ्होडोलिथांचं मैदान आहे. सलग असा एवढा मोठा थर दुसरीकडे नोंदलेला नाही.

ब्रिटनीतच हा वापर का फोफावला, याचं उत्तर भूगर्भात आहे. तिथली जमीन ग्रॅनाइट आणि शिस्टवरची, आम्ल, आणि जवळपास चुनखडीची खाण नाही. किनाऱ्यावर मात्र होड्यांनी उपसता येईल असा, न फोडता वापरता येईल असा चुना पडलेला. शेतकरी तोच आणणार. पुढे यंत्रं आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधला उपसा वर्षाला पाच लाख टनांच्या घरात गेला.

या आकड्याचा अर्थ समजायला वाढीचा वेग लक्षात घ्यावा लागतो. काडीचं टोक वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं, पुष्कळदा त्याहून कमी. समजा एका चौरस मीटरवर वर्षाला ४०० ग्रॅम कार्बोनेट तयार झालं, तर हेक्टरी ४ टन. पाच लाख टन दर वर्षी ‘पिकवायला’ सव्वा लाख हेक्टर, म्हणजे १,२५० चौरस किलोमीटर भरगच्च जिवंत थर लागेल. म्हणजे उपसलेला माल हा पीक नव्हता, साठा होता. ‘नूतनीकरणक्षम सागरी स्रोत’ असं ज्या पोत्यावर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नये. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात दोन्ही मुख्य जातींची नावं आहेत. फाल आणि ग्लेनाँ इथला उपसा पुढे बंद झाला. आता जो चालतो तो परवान्यानं, मुख्यतः मेलेल्या थरांतून.

‘मेलेलाच थर काढतो, जिवंताला हात लावत नाही’ हा युक्तिवादही अर्धाच खरा आहे. उपसताना उठलेला गाळ शेजारच्या जिवंत थरावर बसतो आणि गुदमरवतो. या काड्यांना गाडलं जाणं अजिबात सोसत नाही. स्कॉटलंडच्या क्लाइड भागात शिंपल्यांसाठी ओढलेल्या जाळ्यांनी जिवंत काड्या ७० टक्क्यांहून जास्त घटल्या आणि चार वर्षांनंतरही भरून आल्या नाहीत. तेव्हा पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच: कुठला थर, कुठला परवाना, जिवंत क्षेत्र किती अंतरावर?

माल हातात आल्यावर

ओल्या मालात पाव वजन पाणी असणं नवल नाही, म्हणून वजनानं घेताना ओलावा मोजायचाच. १०० ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. नमुना मात्र ढिगाच्या वरून उचलू नये. बारीक माल खाली आणि काड्या वर राहतात. दहा ठिकाणांहून घेऊन, मिसळून, चार भाग करत करत कमी करावा.

मीठ काढायला गोड्या पाण्यानं निदान तीनदा धुवावं. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. दुधासारखं पांढरं झालं तर अजून एक धुणं हवं. जेमतेम धुरकट झालं तर पुरे. हा कंटाळवाणा टप्पा टाळला की त्रास पुढे होतो. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, आणि कोरडी भरलेली भुकटी पावसाळी हवेत पोत्यात दगड होऊन बसते. काही माल काळपट असतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो प्राणवायू नसलेल्या गाळातला, त्यात लोहाचं सल्फाइड असतं. पसरून हवा दिली की वास जातो आणि रंग तपकिरी होतो. जमिनीत टाकायला चालेल, पशुखाद्याला किंवा भट्टीला नको.

दळायला हा चुनखडीपेक्षा मऊ. पण त्यातली गारगोटीची वाळू गिरणीचे हातोडे खाते, म्हणून आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर चाळून वर राहिलेल्या काड्याच दळल्या तर भुकटी शुद्ध मिळते आणि यंत्रही टिकतं. खाली पडलेली वाळूमिश्रित चाळ जमिनीसाठी वेगळी ठेवावी. दळताना नाकावर मास्क हवा. कार्बोनेटची धूळ फार त्रास देत नाही, तिच्याबरोबर उडणारी सिलिकाची धूळ देते.

आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे उदासिनीकरण मूल्य, साध्या प्रयोगशाळेत काढता येतं. एक ग्रॅम कोरडी भुकटी, त्यावर ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल बरोबर ५० मिलिलिटर, पाच मिनिटं मंद उकळी, मग थंड करून फिनॉल्फ्थॅलिन घालून ०.२५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं अनुमापन. समजा २८ मिलिलिटर लागलं. आम्ल ५० × ०.५ म्हणजे २५, त्यातलं न वापरलेलं २८ × ०.२५ म्हणजे ७. तर २५ मधून ७ वजा, १८ उरले, गुणिले ५, म्हणजे ९० टक्के. वर घटकांवरून काढलं तरी तेच येतं: ८० अधिक ८ गुणिले १.१९ (मॅग्नेशियम कार्बोनेट तेवढ्याच वजनात १.१९ पट आम्ल मारतं), साधारण ८९.५. दोन्ही आकड्यांत चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आधी नमुना घेण्यात चूक झाली असं धरावं. जोरात उकळलं तर आम्लाची वाफ जाते आणि मूल्य फुगून येतं; बहुतेकांची चूक इथेच होते. या पद्धतीनं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं कळत नाही. त्यासाठी ईडीटीएचं (हे दोन्ही धातू बांधून घेणारं रसायन) अनुमापन दोनदा करावं लागतं, सामू (pH) १० ला दोन्हींचं मिळून आणि सामू १२ च्या वर फक्त कॅल्शियमचं.

जमिनीत

चुना किती टाकायचा हे पोतं सांगत नाही, माती परीक्षण सांगतं. आणि तेही नुसता सामू बघून नव्हे, चुन्याची गरज काढून. सामू ५.५ असलेली रेताड जमीन आणि सामू ५.५ असलेली चिकण जमीन यांची गरज दुप्पट-तिपटीनं वेगळी निघू शकते. गरज नेहमी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये दिलेली असते. तिला तीन गोष्टींनी भागायचं: उदासिनीकरण मूल्य, कोरडेपणा आणि बारीकपणा.

बारीकपणाचा रूढ हिशेब असा: २.३६ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकलेला माल शून्य, त्याखाली पण ०.२५ मिलिमीटरच्या वरचा अर्धा, त्याहून बारीक पूर्ण. समजा चाळून १० टक्के जाड, ४० टक्के मधला, ५० टक्के बारीक निघाला. म्हणजे ० अधिक २० अधिक ५०, एकूण ७० टक्के. माती परीक्षणानं हेक्टरी २ टन सांगितले, मूल्य ९०, ओलावा १५ टक्के. २ भागिले (०.९० × ०.८५ × ०.७०), उत्तर ३.७ टन. तेच काम चांगली दळलेली कोरडी चुनखडी, मूल्य ९५, बारीकपणा ९५ टक्के, ओलावा २ टक्के, सुमारे सव्वादोन टनांत करते. भाव याच हिशेबानं ताडून बघावा, टनाच्या दरानं नव्हे. सच्छिद्र काडीला हा चाळणीचा नियम जरा अन्याय करतो, कारण त्याच जाडीच्या चुनखडीच्या खड्यापेक्षा ती लवकर विरघळते. तरी दोन मिलिमीटरच्या वरची काडी पुढच्या हंगामात उपयोगी पडेल अशी आशा ठेवू नये.

मॅग्नेशियमचं कौतुकही मोजून करावं. टनाला २३ किलो. उणीव किरकोळ असेल तर पुरेल. खरी उणीव असेल तर डोलोमाइट घ्यावा, त्यात ११ ते १३ टक्के असतं.

पेरणीच्या दोन-तीन महिने आधी पसरून १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळला तर काम होतं. वर भुरभुरून ठेवला तर वरच्या दोन बोटांचा सामू चढतो आणि मुळांपाशी आम्ल तसंच राहतं. अमोनियायुक्त खतं, ताजं शेण किंवा कोंबडीखत यांच्याबरोबर एकाच दिवशी टाकू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सुपर फॉस्फेटबरोबर मिसळलं तर स्फुरद कमी विरघळणाऱ्या रूपात जातो. आणि ज्या जमिनीचा सामू आधीच सातच्या वर आहे तिथे या मालाचं काहीही काम नाही. जस्त, लोह, मँगेनीज, बोरॉन अडकतात, पानं पिवळी पडतात, मग ‘शैवाल टाकूनही पिवळं पडलं’ अशी तक्रार येते. टाकल्यामुळेच पडलेलं असतं.

पाण्यात

माझ्या मते या काड्यांचा सर्वांत चोख उपयोग इथे आहे, आणि नेमकी हीच जागा जाहिरातीत दिसत नाही. मऊ, कार्बन डायऑक्साइडनं किंचित आम्ल झालेलं पाणी नळातलं लोखंड आणि तांबं खातं. तेच पाणी काड्यांच्या थरातून सोडलं की कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटशी जोडला जाऊन बायकार्बोनेट होतो, सामू चढतो, थोडा कठीणपणा येतो. पेशींच्या जाळीमुळे पृष्ठभाग मोठा, म्हणून संगमरवराच्या चिपांपेक्षा काम जलद होतं. आणि जिथे चढायला हवं तिथे पोचलं की विरघळणं आपोआप थांबतं. सोडा सोडणाऱ्या पंपासारखी मात्रा चुकण्याची भीती नाही.

एक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडला सुमारे २.३ मिलिग्रॅम कार्बोनेट लागतं. लिटरला २० मिलिग्रॅम वायू असलेलं पाणी तासाला एक घनमीटर वाहत असेल तर तासाला ४५ ग्रॅम, दिवसाला साधारण १.१ किलो माल झिजतो. थर असा ठेवावा की रिकाम्या टाकीचा हिशेब धरून पाणी वीसेक मिनिटं आत राहील. तासाला एक घनमीटरसाठी म्हणजे ३३० लिटरचा थर. दाणा १ ते ४ मिलिमीटरचा. नवा थर भरल्यावर पहिलं पाणी दुधाळ येतं. ती बारीक भुकटी आहे, उलट्या दिशेनं पाणी सोडून धुऊन टाकावी. पातळी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली गेली की वर भर घालावी, पूर्ण झिजायची वाट बघू नये.

बिघडतं कसं? पाण्यात विरघळलेलं लोह असलं तर सामू चढताच ते दाण्यांवर गंजाचा लेप देतं आणि थर दिसायला भरलेला पण कामाला मेलेला होतो. लोह आधी काढावं लागतं. दुसरं, उलटं धुणं टाळलं की दाणे एकमेकांना चिकटतात आणि पाणी मधूनच वाट काढतं. सामू सकाळी बरोबर आणि वापर वाढला की खाली, असं दिसलं तर बहुतेक हेच कारण.

पोटात

दुभत्या जनावरांना खुराक जास्त दिला की कोटीपोटात (जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) आम्ल वाढतं. तिथे ही भुकटी खाण्याच्या सोड्याऐवजी देतात, साधारण त्याच्या निम्म्या मात्रेत. मोठ्या गायीला दिवसाला ८० ते ९० ग्रॅमच्या आसपास. सोडा एकदम विरघळून काम संपवतो, ही भुकटी हळूहळू विरघळत राहते. हे खरंखुरं वैशिष्ट्य, आणि त्याचं श्रेय पुन्हा त्या जाळीला. खाद्यासाठी घेताना शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि फ्लोरिन यांचा त्या लॉटचा अहवाल मागावा. जुन्या लॉटची झेरॉक्स चालत नाही. समुद्राचा तळ सगळीकडे सारखा नसतो. माणसांच्या गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमला दीड ग्रॅमहून थोडी जास्त भुकटी लागते. शोषण कार्बोनेटचंच असल्यामुळे जेवणाबरोबर घेतलेली बरी. हाडांच्या कामाचा एक वेगळाच मार्ग आहे: लाल शैवालाचा हा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात तापवून हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजात बदलतात. जाळी तशीच राहते आणि दंतशस्त्रक्रियेत हाडाची भर म्हणून वापरता येते.

भट्टीत

कळीचा चुना, म्हणजे भाजून कार्बन डायऑक्साइड घालवलेला चुना, करायचा असेल तर आधी वजनाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. १०० किलो कोरड्या मालातून ४४.८ किलो कॅल्शियम ऑक्साइड, ३.८ किलो मॅग्नेशियम ऑक्साइड आणि सहा-सात किलो वाळू-राख, मिळून साधारण ५५ किलो निघायला हवेत. ६५ भरले तर कच्चा आहे. म्हणजेच कळीचा चुना ८२ टक्क्यांच्या आसपास शुद्ध. चांगल्या चुनखडीचा ९० च्या वर जातो. एकट्या भट्टीसाठी समुद्र उपसावा असं यात काही नाही.

अडचण आकाराची आहे. उभ्या भट्टीला पाच-दहा सेंटिमीटरचे खडे लागतात, म्हणजे मधून हवा खेळते. काड्या मोडून, एकमेकांत बसून हवेची वाट बंद करतात. खालचा थर जळतो, वरचा काळा राहतो. उपाय दोन: फिरती भट्टी, किंवा भुकटीच्या विटा पाडून भाजणं. शिवाय तापताना पेशींत अडकलेलं पाणी तडतडून काड्या फोडतं, म्हणून २०० अंशांपर्यंत सावकाश चढवावं. मीठ नीट धुतलेलं नसेल तर त्याची वाफ भट्टीचं अस्तर खाते, आणि उरलेलं गिलाव्यावर पांढऱ्या पुटाच्या रूपानं फुटून येतं.

तापमान ९०० अंशांच्या जरा वर, ९५० पर्यंत. मॅग्नेशियमचा भाग याच्या कितीतरी आधी सुटतो, आणि आच १,२०० कडे गेली तर तो भाजून कडक होतो. असं मॅग्नेशियम ऑक्साइड विरवताना, म्हणजे पाण्यात फोडताना, गप्प बसतं आणि भिंतीवर चढल्यावर महिन्यांनी पाणी शोषून फुगतं. गिलाव्यावर चणाडाळीएवढे खळगे पडतात, प्रत्येकाच्या तळाशी पांढरा कण. उपाय म्हणजे विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून निदान काही महिने पाण्याखाली मुरत ठेवणं.

विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी नव्हे. चुन्याचं लोणी (पाण्यात मुरलेला मऊ लगदा) करायला वजनाच्या अडीच ते तीन पट पाणी. चष्मा घातल्याशिवाय जवळ उभं राहू नये. उकळता शिंतोडा डोळ्यात गेला तर नुकसान कायमचं. चांगला भाजलेला खडा काही मिनिटांत सुस्कारे टाकत फुटतो. अर्ध्या तासानंही तसाच राहिला तर बाहेर काढून आम्लाचा थेंब टाकावा: फसफसला तर कच्चा, नाही फसफसला तर जास्त भाजलेला.

एक गोष्ट राहिली. ‘हे शैवाल कार्बन शोषतं, म्हणून हा चुना हवामानाला चांगला’ असं हल्ली पुष्कळ वाचायला मिळतं. प्रकाशसंश्लेषणात शोषतं, बरोबर. पण कार्बोनेट बनवताना रसायन उलटं चालतं: दोन बायकार्बोनेटमधून एक कार्बोनेट बनतं आणि एक कार्बन डायऑक्साइड सुटतो. समुद्राच्या पाण्यात त्यातला साधारण ०.६ भाग प्रत्यक्ष बाहेर पडतो. पुढे तोच चुना आम्ल जमिनीत टाकला की साठलेला कार्बन पुन्हा वायू होऊ शकतो. भट्टीत घातला तर शुद्ध कार्बोनेटच्या वजनाच्या ४४ टक्के थेट धुराड्यातून जातो, जळणाचा वेगळा.